टाइट एंड म्हणजे काय? अमेरिकन फुटबॉलमधला साखळीही धरणारा आणि चढाईही करणारा खेळाडू

सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात कबड्डी बघायला मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या माणसाला खेळाडूंची कामं समजावून सांगावी लागत नाहीत. चढाईपटू कोण, डावा कोपरा कोण, मध्यरक्षक कोण, हे त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या काशिलिंग आडकेचं नाव घेतलं की चढाई आठवते. सांगलीच्याच नितीन मदनेचं नाव घेतलं की २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण आठवतं. त्या अंतिम सामन्यात भारताने इराणला २७-२५ असं हरवलं होतं.

पण प्रत्येक संघात असा एखादा खेळाडू असतो, ज्याला एका खान्यात बसवता येत नाही. तो साखळीत उभा राहून पकड करतो आणि संघ अडचणीत असला की चढाईलाही जातो. कबड्डीत त्याला अष्टपैलू म्हणतात.

अमेरिकन फुटबॉलमध्येही अशी एक जागा आहे. तिचं नाव टाइट एंड. ऑगस्ट २०२५ मध्ये गायिका टेलर स्विफ्टने साखरपुडा जाहीर केला, तेव्हा ही जागा जगभरातल्या बातम्यांत आली, कारण तिचा जोडीदार ट्रॅव्हिस केल्सी हा कॅन्सस सिटी चीफ्स संघाचा टाइट एंड आहे. मग हा खेळाडू मैदानावर नेमकं करतो काय? आणि एका खेळाडूला आपण टाइट एंड नाही हे सांगण्यासाठी लवादापुढे का जावं लागलं?

आधी खेळ समजून घेऊ

नावात फुटबॉल असलं तरी हा खेळ आपल्या फुटबॉलसारखा नाही. चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळ तो हातात असतो. दोन्ही बाजूंचे ११-११ खेळाडू मैदानात असतात. मैदान १०० यार्ड लांब, आणि दोन्ही टोकांना १० यार्डांची एकेक पट्टी. चेंडू घेऊन समोरच्या पट्टीत पोहोचलं की टचडाउन, म्हणजे ६ गुण.

चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाला ४ प्रयत्न मिळतात. त्या ४ प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे जायचं. जमलं तर पुन्हा ४ नवे प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे. १० यार्ड म्हणजे ९.१४ मीटर. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. म्हणजे त्या मैदानाच्या लांबीपेक्षाही कमी अंतरासाठी ही सगळी धडपड चालते.

पुढे जाण्याचे मार्ग दोन. एक, चेंडू हातात घेऊन धावायचं. दोन, क्वार्टरबॅक नावाच्या खेळाडूने चेंडू पुढे फेकायचा आणि कुणीतरी तो झेलायचा. बचाव करणारे दोन्ही रोखायला टपलेले असतात. पुढचा प्रयत्न धावण्याचा आहे की फेकीचा, हे आधी ओळखता आलं तर त्यांचं काम अर्धं होतं.

टाइट एंड महत्त्वाचा ठरतो तो इथेच. कारण त्याच्याकडे बघून ते ओळखता येत नाही.

हे नाव कुठून आलं?

प्रत्येक प्रयत्नाच्या सुरुवातीला चेंडू एका काल्पनिक आडव्या रेषेवर ठेवलेला असतो. नियमाप्रमाणे आक्रमण करणाऱ्या संघाचे किमान ७ खेळाडू त्या रेषेवर उभे राहावे लागतात. मधले पाच जण धिप्पाड असतात. मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. समोरच्याला अडवून धरायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांना पुढे जाऊन पास झेलण्याची परवानगी नसते.

रेषेच्या दोन टोकांवरच्या खेळाडूंना मात्र पास झेलता येतो. टोकावरचा म्हणून तो एंड. यातला एक एंड रेषेपासून लांब, मैदानाच्या कडेकडे उभा राहायला लागला, त्याला स्प्लिट एंड म्हणू लागले. दुसरा टॅकलला खेटून उभा राहिला, तो टाइट एंड.

यातली एक गंमत बघा. टाइट एंडच्या बाहेरच्या बाजूला दुसरा खेळाडू त्याच रेषेवर उभा राहिला, तर टाइट एंड टोकाचा राहत नाही आणि त्याचा पास झेलण्याचा हक्क त्या प्रयत्नापुरता जातो. म्हणजे त्याचा हक्क तो कोण आहे यावर ठरत नाही, साखळीच्या टोकाला तो आहे की नाही यावर ठरतो.

एकाच माणसाची दोन कामं

पहिलं काम अडवण्याचं. चेंडू घेऊन धावणारा खेळाडू टाइट एंडच्या बाजूने जाणार असेल, तर समोरच्या बचावपटूला ढकलून वाट मोकळी करायची. हा बचावपटू अनेकदा त्याच्यापेक्षा वजनदार असतो. इथे नुसती ताकद चालत नाही. गुडघे वाकवून कंबर खाली ठेवायची, हात समोरच्याच्या छातीवर आतल्या बाजूने रोवायचे आणि पाय सतत हलते ठेवायचे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं. त्यांच्या जिल्ह्यात हे तत्त्व वेगळं शिकवायला नको. जो खालून भिडतो त्याचा जोर चालतो, जो उभा राहतो तो मागे जातो.

दुसरं काम झेलण्याचं. रेषेवरून सुटून मैदानाच्या मध्यभागी धावायचं, दोन बचावपटूंमधली मोकळी जागा हेरायची, चेंडू झेलायचा आणि लगेच बसणारी धडक सोसूनही तो सोडायचा नाही. त्यासाठी वेग लागतो, उंची लागते, मऊ हात लागतात.

म्हणून या खेळाडूची शरीरयष्टी वेगळी असते. केल्सी ६ फूट ५ इंच उंच आणि सुमारे ११३ किलो वजनाचा आहे. न्यू इंग्लंड पॅट्रियट्सकडून गाजलेला रॉब ग्रोंकोव्स्की ६ फूट ६ इंच उंच आणि १२० किलोच्या आसपास होता. रेषेवरच्या पाच जणांपेक्षा हे हलके, पण कडेला धावणाऱ्या रिसीव्हरपेक्षा बरेच जड.

इथे कबड्डीच्या अष्टपैलूत आणि टाइट एंडमध्ये एक फरक आहे. कबड्डीत चढाई आणि पकड वेगवेगळ्या वेळी होतात. आता तो चढाईला निघालाय, हे सगळ्या मैदानाला दिसतं. टाइट एंडची दोन्ही कामं एकाच क्षणी शक्य असतात.

एक नेहमीचा डाव बघू. चेंडू सुरू होताच टाइट एंड समोरच्याला भिडतो. क्वार्टरबॅक धावणाऱ्या खेळाडूच्या हातात चेंडू दिल्यासारखं करतो. धावण्याचाच डाव आहे असं समजून बचावपटू पुढे झेपावतात. तेवढ्यात टाइट एंड समोरच्याला सोडून त्यांच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत सटकतो आणि क्वार्टरबॅक चेंडू त्याच्याकडे फेकतो. त्याचं पहिल्या क्षणाचं भिडणं खरं वाटलं, तरच दुसऱ्या क्षणी तो मोकळा सापडतो. ज्याला फक्त झेलता येतं, त्याच्या भिडण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. आणि ज्याला फक्त अडवता येतं, तो सुटला तरी त्याच्यामागे कुणी धावत नाही.

ही जागा घडली कशी?

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू पुढे फेकण्याला १९०६ साली नियमाने परवानगी मिळाली. त्यानंतरही कित्येक दशकं टोकावरच्या खेळाडूचं मुख्य काम अडवण्याचंच राहिलं.

चित्र बदललं ते १९६१ साली. शिकागो बेअर्सचा माइक डिट्का त्या वर्षी पहिल्यांदाच व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, खेळत होता. त्याने ५६ झेल, १,०७६ यार्ड आणि १२ टचडाउन अशी कामगिरी केली. रेषेवर भिडणारा खेळाडू चेंडू घेऊन इतकं पुढे जाऊ शकतो, हे तेव्हा नवं होतं. १९८८ मध्ये डिट्का हॉल ऑफ फेममध्ये गेला. तिथे पोहोचलेला तो पहिला टाइट एंड. पदार्पणाच्या हंगामातला त्याचा यार्डांचा विक्रम तब्बल ६३ वर्षं टिकला. २०२४ मध्ये लास व्हेगास रेडर्सच्या ब्रॉक बाउअर्सने १,१९४ यार्ड मिळवून तो मोडला.

पुढची मोठी पायरी म्हणजे सॅन दिएगो चार्जर्सचा केलन विन्स्लो. २ जानेवारी १९८२ ला मायामीविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात त्याने १३ झेल घेतले, १६६ यार्ड मिळवले आणि प्रतिस्पर्ध्याचा एक फील्ड गोलही अडवला. जादा वेळेत गेलेला तो सामना चार्जर्सने ४१-३८ असा जिंकला. सामना संपल्यावर थकलेल्या विन्स्लोला सहकाऱ्यांनी खांदा देऊन बाहेर नेलं.

नंतर या जागेवर बास्केटबॉल खेळलेली मुलं येऊ लागली. उंच माणसाने गर्दीत उडी मारून चेंडू काढणं, हे बास्केटबॉलच्या रिबाउंडसारखंच. टोनी गोन्झालेझ कॉलेजात दोन्ही खेळ खेळला आणि एनएफएलमध्ये त्याने १,३२५ झेल घेतले. अँटोनियो गेट्स तर कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता, फक्त बास्केटबॉल खेळला होता. २००३ च्या खेळाडू निवडीत त्याला एकाही संघाने घेतलं नाही. तरीही त्याने ११६ टचडाउन झेलले, जो टाइट एंडचा विक्रम आहे. २०२५ मध्ये तोही हॉल ऑफ फेममध्ये गेला.

नाव काय लावायचं, हा पैशांचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे. दोन कामं करणाऱ्याला पैसे कोणत्या कामाचे द्यायचे?

एनएफएलमध्ये ‘फ्रँचायझी टॅग’ नावाचा एक नियम आहे. करार संपलेल्या एका खेळाडूला क्लब एका वर्षासाठी स्वतःकडे ठेवू शकतो. त्या वर्षाचा पगार तो खेळाडू ज्या जागेवर खेळतो, त्या जागेच्या सर्वाधिक मानधन घेणाऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवरून ठरतो. म्हणजे तुमच्या नावापुढे कोणती जागा लिहिली आहे, यावर रक्कम बदलते.

२०१४ मध्ये न्यू ऑर्लीन्स सेंट्सने जिमी ग्रॅहमला हा टॅग लावला आणि जागा लिहिली टाइट एंड. आदल्या हंगामात ग्रॅहमने १६ टचडाउन झेलले होते, त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक. खेळाडूंच्या संघटनेचं म्हणणं होतं की तो बहुतेक वेळा टॅकलला खेटून नाही, तर बाहेर रिसीव्हरसारखा उभा राहतो, तेव्हा त्याला रिसीव्हर धरा. टाइट एंड म्हणून पगार होता सुमारे ७० लाख डॉलर, रिसीव्हर म्हणून सुमारे १ कोटी २३ लाख डॉलर. नुसत्या नावाने ५० लाख डॉलरहून जास्त फरक पडत होता.

प्रकरण लवादाकडे गेलं. जुलै २०१४ मध्ये लवाद स्टीफन बरबँक यांनी निकाल दिला की ग्रॅहम टाइट एंडच आहे. तो टॅकलपासून किती अंतरावर उभा राहतो, याचा विचार झाला. ट्विटरवरच्या ओळखीत त्याने स्वतःच स्वतःला टाइट एंड म्हटलं होतं, याचीही दखल घेतली गेली. त्यानंतर ग्रॅहम आणि क्लब यांच्यात ४ वर्षांचा ४ कोटी डॉलरचा करार झाला.

हा निकाल टाइट एंडची खरी अडचण दाखवतो. झेल मोजले जातात, यार्ड मोजले जातात, टचडाउन मोजले जातात. पण समोरच्याला अडवून सहकाऱ्याला वाट करून दिली, त्याचा आकडा धावफलकावर कुठेच येत नाही. झेलणारा म्हणून तो रिसीव्हरपेक्षा स्वस्त ठरतो आणि अडवणारा म्हणून त्याचं नावच येत नाही.

आपल्या प्रो कबड्डीत उलटंही घडलेलं दिसतं. लिलावात चढाईपटू, बचावपटू आणि अष्टपैलू असे वेगळे गट असतात. दहाव्या हंगामाच्या लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. तो मुळात डावा कोपरा सांभाळणारा, पण चढाईही करणारा. त्याच हंगामात पलटण विजेती ठरली. अष्टपैलू हा स्वतंत्र गट असल्याने दोन्ही कामांची किंमत एकत्र लावायला तिथे निदान जागा तरी आहे.

धडकांची किंमत

पैशांपेक्षा मोठी किंमत शरीर मोजतं. टाइट एंड रेषेवर रोज भिडतो आणि मैदानाच्या मध्यात झेल घेताना वेगाने येणारी धडकही खातो. म्हणजे दोन्ही कामांचे धोके त्याच्या वाट्याला येतात.

बाल्टिमोर कोल्ट्सचा जॉन मॅकी हा हॉल ऑफ फेममध्ये गेलेला दुसरा टाइट एंड. तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्षही होता. क्लब बदलणाऱ्या खेळाडूसाठी नव्या क्लबने जुन्याला भरपाई द्यावी, असा नियम तेव्हा होता. त्याविरुद्ध मॅकीच्या नावाने चाललेल्या खटल्यात १९७६ मध्ये खेळाडूंच्या बाजूने निकाल लागला. खेळाडूंना स्वतःच्या मर्जीने क्लब बदलता यावा, या लढ्यातला तो मोठा टप्पा होता.

उतारवयात मॅकीला स्मृतिभ्रंश झाला. उपचार आणि देखभालीचा खर्च आवाक्याबाहेर गेल्यावर पत्नी सिल्व्हिया यांनी लीगच्या आयुक्तांना पत्र लिहिलं. त्यातून २००७ मध्ये लीग आणि खेळाडूंच्या संघटनेने ‘८८ प्लॅन’ सुरू केला. स्मृतिभ्रंश झालेल्या माजी खेळाडूंच्या देखभालीसाठी सुरुवातीला वर्षाला ८८ हजार डॉलरपर्यंत मदत देणारी ही योजना. ८८ हा मॅकीच्या जर्सीचा क्रमांक. मॅकी २०११ मध्ये वयाच्या ६९ व्या वर्षी गेला.

महाराष्ट्राशी काही नातं?

आहे, थोडंसं. २०११ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावाची अमेरिकन फुटबॉलची लीग जाहीर झाली. तिच्या पाठीराख्यांत चक्क माइक डिट्काचं नाव होतं. महाराष्ट्राचे दोन संघ होते, मुंबई ग्लॅडिएटर्स आणि पुणे मराठाज. २०१२ चा पहिला हंगाम मात्र श्रीलंकेत कोलंबोला खेळवला गेला. लीग पुढे रुजली नाही. या खेळाला हेल्मेट आणि खांद्यांच्या संरक्षक पॅडपासून मोठी साधनं लागतात. कबड्डीला आखलेलं मैदान आणि १४ खेळाडू पुरतात.

दुसरं नातं ताजं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत झालं. लॉस एंजेलिस २०२८ साठी क्रिकेटसोबत फ्लॅग फुटबॉललाही तिथेच मंजुरी मिळाली. हा अमेरिकन फुटबॉलचा बिनधडकेचा प्रकार. एका संघाचे पाच जण मैदानात असतात आणि चेंडू असलेल्याला पाडायचं नसतं, त्याच्या कमरेची पट्टी ओढायची असते. हेल्मेट-पॅड लागत नाहीत, त्यामुळे साध्या मैदानावरही तो खेळता येतो.

पण त्यात समोरच्याला भिडून अडवणं चालत नाही. साहजिकच टाइट एंडचं अर्धं काम तिथे उरत नाही, आणि अर्धं काम गेलं की ती जागाही उरत नाही. झेलणारे राहतात, टाइट एंड राहत नाही.

सामना बघताना काय बघायचं?

एनएफएलची अंतिम लढत, सुपर बोल, फेब्रुवारीत होते. अमेरिकेतल्या रविवारी संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे. पुढच्या वेळी बघायचं ठरलं तर चेंडू सुरू होण्याआधी रेषेच्या टोकाकडे नजर ठेवा. टॅकलला खेटून उभा असलेला, बहुधा ८० ते ८९ मधला क्रमांक असलेला खेळाडू शोधा. चेंडू सुटल्यावर सगळे चेंडूकडे बघतील, तुम्ही दोन सेकंद त्याच्याकडे बघा. तो भिडतोय का, भिडून सुटतोय का, की सुरुवातीलाच धावत निघाला?

कबड्डीत चढाईपटूला सोडून कोपऱ्याच्या पायांकडे बघणारा प्रेक्षक असतो ना, तसंच हे. पकड कुणाच्या नावावर लागली हे धावफलक सांगतो, ती कुणामुळे झाली हे त्या प्रेक्षकाला माहीत असतं.